श्वासाबरोबर हातापायांतले रक्त कुठे जाते?

हिंगोली जिल्ह्यातील नरसी नामदेव हे कयाधू नदीकाठचे गाव संत नामदेवांचे जन्मगाव म्हणून ओळखले जाते. तिथे कीर्तनाला बसण्याचा योग आला, तर ऐकता ऐकता एकदा कीर्तनकाराच्या मानेकडेही नीट पाहावे. एखादी ओळ वरच्या पट्टीत लांबवत नेली, की मानेच्या बाजूची शीर टरारून वर येते. ओळ संपते, कीर्तनकार झटकन श्वास घेतो आणि ती शीर त्याच क्षणी दिसेनाशी होते. पुढच्या ओळीला पुन्हा तोच प्रकार. हृदय तर सारखे चालूच आहे. मग त्या शिरेतले रक्त मघाशी कोणी अडवले आणि आता कोणी सोडले?

उत्तर एका शब्दाचे आहे: श्वासाने. पण श्वास रक्ताला नेमके काय करतो, याबद्दल आपल्या मनात बराच गोंधळ असतो. २०१५ पासून दरवर्षी २१ जूनला शाळाशाळांतून योगदिन साजरा होतो. त्या दिवशी आणि एरवीही एक वाक्य हमखास कानावर पडते: ‘खोल श्वास घेतला की हातापायांच्या टोकांपर्यंत जास्त रक्त पोचते.’ एखाद्या चौकस मुलीने ‘सर, हे कसे कळले?’ असे विचारले तर काय सांगायचे? या लेखात आपण या वाक्याची तपासणी करू. त्यासाठी लागणारी बहुतेक साधने शाळेत मिळतील.

रक्ताचा साठा कुठे असतो?

प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ५ लिटर रक्त असते. पाठ्यपुस्तकातल्या आकृतीत रोहिण्या आणि नीला सारख्याच जाडीच्या काढलेल्या असल्यामुळे रक्तही दोहोंत सारखेच वाटलेले असेल, असा विद्यार्थ्यांचा समज होतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. कोणत्याही क्षणी जवळजवळ दोनतृतीयांश रक्त नीलांमध्ये, म्हणजे आपण ज्यांना व्यवहारात शिरा म्हणतो त्यांच्यात असते. रोहिण्यांच्या भिंती जाड आणि ताठ असतात, त्यांच्यातला दाब मोठा असतो. नीलांच्या भिंती पातळ व सैल असतात. थोडासा दाब वाढला तरी त्या फुगतात, कमी झाला की चपट्या होतात. रोहिणी हा पाण्याचा नळ मानला, तर नीला ही पखाल आहे.

हा मुद्दा महत्त्वाचा आहे. ‘हातात रक्त किती आहे’ हे हातात येणाऱ्या रक्तावर जेवढे अवलंबून असते, तेवढेच हातातून परत जाणाऱ्या रक्तावरही असते. परतीच्या वाटेवर श्वासाची सत्ता चालते.

छातीचा पंप

श्वास घेताना श्वासपटल खाली सरकते, बरगड्या वर व बाहेर येतात आणि छातीची पोकळी मोठी होते. फुप्फुसांभोवतीच्या जागेतला दाब नेहमीच बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा थोडा कमी असतो. साधा श्वास सोडून झाल्यावर हा फरक पाण्याच्या सुमारे ५ सेंटिमीटर उंचीइतका असतो. साधा श्वास आत घेतला की तो साडेसात-आठ सेंटिमीटरपर्यंत जातो, आणि खोल श्वासात त्याहूनही बराच वाढतो. हृदय आणि मोठ्या नीला याच पोकळीत असल्यामुळे त्यांच्यातलाही दाब उतरतो. बाहेरच्या नीलांतले रक्त मग छातीकडे ओढले जाते. कीर्तनकाराच्या मानेतली शीर श्वासाबरोबर रिकामी होते ती यामुळे.

गाताना याच्या उलट घडते. स्वरयंत्राच्या अरुंद फटीतून हवा दाबून बाहेर सोडायची असते, म्हणून छातीतला दाब वाढतो. परतणाऱ्या रक्ताची वाट अडते आणि ते मानेत तुंबते. जड हंडा उचलताना, फुगा फुगवताना किंवा जोरात खोकताना चेहरा लाल होतो, त्याचे कारणही हेच.

हातांच्या बाबतीत काय? हातातली नीला काखेतून छातीत जाते, त्यामुळे श्वास घेताना तिच्यातला परतीचा प्रवाह वाढतो. म्हणजे श्वास आत घेतल्याने हातातले रक्त वाढत नाही, उलट थोडे कमीच होते. आपल्या वाक्याला पहिला धक्का इथे बसतो.

छातीने कितीही जोर लावला तरी ही ओढ अमर्याद वाढत नाही. दुधाच्या रिकाम्या पिशवीच्या प्लास्टिकची सैल नळी करून तिच्यातून ताक ओढायचा प्रयत्न केला, तर जरा जोरात ओढताच नळीच्या भिंती एकमेकींना चिकटतात आणि ताक येत नाही. छातीच्या तोंडाशी असलेल्या नीलांचे तसेच होते. त्यामुळे दुप्पट खोल श्वासाने दुप्पट रक्त परतत नाही.

ओढलेले रक्त श्वास सोडताना पुन्हा मागे का जात नाही? हातापायांच्या नीलांत ठिकठिकाणी झडपा असतात आणि त्या फक्त हृदयाच्या दिशेने उघडतात. विल्यम हार्वे या इंग्रज वैद्याने १६२८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हे दंडाला पट्टी बांधून, हातावरच्या शिरा बोटाने दाबून दाखवले होते. हा प्रयोग वर्गात दोन मिनिटांत होतो. हात खाली लोंबता ठेवून मनगटाच्या वरची एखादी ठळक शीर निवडा. एका बोटाने ती दाबून ठेवा आणि दुसऱ्या बोटाने तिच्यातले रक्त कोपराच्या दिशेने सरकवा. दुसरे बोट उचलले तरी जवळच्या झडपेपर्यंतचा भाग रिकामाच राहतो. खालचे बोट उचलताच तो भरतो. नंतर तोच हात हळूहळू वर न्या. हात हृदयाच्या पातळीच्या आसपास आला की शिरा चपट्या होऊ लागतात. हातातल्या रक्ताचे आकारमान सतत बदलते, हे विद्यार्थ्यांना इथे डोळ्यांनी दिसते.

पायांचा न्याय वेगळा

हात आणि पाय यांना एकाच माळेत ओवण्याची आपली सवय असली, तरी श्वासाच्या बाबतीत दोघांचे वागणे सारखे नाही. पायातली नीला छातीत पोचण्याआधी पोटातून जाते. श्वास घेताना श्वासपटल खाली येऊन पोटातल्या अवयवांना दाबते. छातीतला दाब कमी होत असतानाच पोटातला दाब वाढतो. पोटातल्या मोठ्या नीलेतले रक्त वर ढकलले जाते, पण पायाकडून येणाऱ्या रक्ताची वाट थोडा वेळ अडते. श्वास सोडला की पोटातला दाब उतरतो आणि पायातले रक्त वर चढते. आडव्या झोपलेल्या माणसाच्या मांडीतल्या नीलेचा प्रवाह अल्ट्रासाउंडने पाहिला, तर तो श्वासागणिक असा कमी-जास्त होताना दिसतो. हा चढउतार दिसला नाही, तर वरच्या नीलेत कुठेतरी गुठळी किंवा अडथळा असावा, अशी डॉक्टरांना शंका येते.

पोकळ्यांमधले हे दाब केवळ कल्पनेचे नाहीत. आपल्याच महाराष्ट्रात ते फार पूर्वी मोजले गेले आहेत. स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. उड्डीयान आणि नौली या क्रिया करताना पोटात काय घडते हे त्यांनी क्ष-किरण आणि दाबमापक वापरून तपासले. या क्रियांत पोटातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, हे त्यातून दिसून आले. योगाविषयीचा प्रश्न उपकरणापुढे ठेवण्याची ही पद्धत शिक्षकांनी मुलांना आवर्जून सांगावी अशी आहे.

उभ्या माणसाच्या पायांचा प्रश्न आणखी अवघड असतो. हृदयापासून घोट्यापर्यंत रक्ताचा उभा स्तंभ असतो. निश्चल उभ्या असलेल्या प्रौढ माणसाच्या घोट्याजवळच्या नीलेत पाऱ्याच्या सुमारे ९० मिलिमीटर इतका दाब असतो. आडव्याचे उभे राहिले की अर्धा लिटर किंवा त्याहून थोडे जास्त रक्त शरीराच्या खालच्या भागात उतरते. ते वर चढवायला एकटा श्वास पुरा पडत नाही. तिथे पोटरीचे स्नायू लागतात. चालताना पोटरी आवळते, नीला दाबल्या जातात, झडपांमुळे रक्त वरच जाते आणि घोट्याजवळचा दाब २०-३० मिलिमीटरपर्यंत खाली येतो.

शाळेतला एक नेहमीचा प्रसंग यातून उलगडतो. प्रार्थनेच्या वेळी, विशेषतः उकाड्याच्या दिवसांत, सावधान स्थितीत उभे असलेले एखादे मूल चक्कर येऊन कोसळते. बहुतेक वेळा ‘सकाळी काही खाल्ले नाही’ एवढ्यावर विषय संपतो. उपाशीपोटी येणे आणि पाणी कमी पिणे यांनी भर पडते हे खरे. पण मुख्य गोष्ट अशी की पोटरीचा पंप बंद असतो, उन्हाने त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावलेल्या असतात आणि रक्त पायांत साचते. हृदयाकडे परतणारे रक्त कमी पडते. मग रक्तदाब उतरतो, काही वेळा हृदयाचे ठोकेही मंदावतात, आणि मेंदूला क्षणभर रक्त पुरत नाही.

अशा मुलाला उचलून खुर्चीवर बसवणे ही नेहमी होणारी चूक आहे. त्याला आडवे झोपवून पाय वर उचलून धरावेत, म्हणजे पायातले रक्त लगेच हृदयाकडे येते. भोवतीची गर्दी हटवावी. मिनिटभरात मूल शुद्धीवर आले नाही, पडताना डोक्याला मार लागला असेल किंवा असे वारंवार होत असेल, तर डॉक्टरांकडे न्यावे. आणि प्रार्थना लांबणार असेल तर मुलांना टाचा उचलायला, पायांवरचा भार बदलायला मोकळीक द्यावी. कीर्तनात मागे उभे असलेले टाळकरी तासन्‌तास उभे असतात, पण ते पावली खेळत असतात. प्रत्येक पावलाला पोटरी आवळते आणि सुटते. निश्चल उभे राहण्याचा त्रास त्यांना त्यामुळे होत नाही.

बोटांवरचा लगाम

आतापर्यंत आपण दाबाच्या साध्या भौतिकशास्त्राबद्दल बोललो. बोटांच्या बाबतीत आणखी एक यंत्रणा काम करते आणि ती चेतासंस्थेची आहे. एकदम खोल, झटक्याचा श्वास घेतला की दोन-तीन सेकंदांनी हाताच्या बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. बोटातले रक्त कमी होते आणि पूर्ववत व्हायला दहा-वीस सेकंद लागतात. १९३६ साली बोल्टन, कार्मायकेल आणि स्टुरुप या संशोधकांनी या प्रतिक्रियेचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. तिचा आदेश अनुकंपी चेतासंस्थेकडून येतो. बोटांच्या टोकांना रोहिणी आणि नीला यांना थेट जोडणाऱ्या असंख्य लहान वाहिन्या असतात. शरीरातली उष्णता बाहेर टाकणे किंवा राखणे हे त्यांचे मुख्य काम. या वाहिन्यांवर अनुकंपी चेतातंतूंचा कडक ताबा असतो, म्हणून लगाम ओढल्याबरोबर त्या मिटतात.

शरीराच्या भागाचे आकारमान मोजण्याची युक्ती त्याआधीच सापडली होती. इटलीतील अँजेलो मोस्सो यांनी १८७० च्या दशकात पाण्याने भरलेल्या काचेच्या नळकांड्यात हात ठेवून, पाण्याच्या चढउतारावरून हातातले रक्त किती वाढले-घटले हे पाहिले. या उपकरणाला प्लेथिस्मोग्राफ म्हणतात. नुसता हिशेब करायला सांगितला किंवा माणूस दचकला, तरी हाताचे आकारमान घटते हे त्यांना दिसले.

हे उपकरण शाळेत करता येते. रुंद तोंडाची प्लास्टिकची बरणी घ्या. तिच्या वरच्या बाजूला भोक पाडून सलाईनची पारदर्शक नळी बसवा आणि फट एम-सीलने बुजवा. नळीचे मोकळे टोक वर उभे बांधा. बरणीत कोमट पाणी भरून त्यात हात घाला. बरणीचे तोंड आणि मनगट यांमधली फट सायकलच्या ट्यूबच्या रुंद तुकड्याने बंद करा. आत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. ट्यूब मनगटाला घट्ट आवळली, तर नीला दाबल्या जाऊन रक्त हातात येते पण परत जात नाही. अशा वेळी नळीतली पातळी सारखी चढत राहते. तसे झाले तर लगेच सैल करा.

सलाईनच्या नळीचा आतला व्यास ३ मिलिमीटर धरला, तर तिचे छेदक्षेत्र सुमारे ७ चौरस मिलिमीटर होते. हातातले रक्त केवळ ०.२ मिलिलिटरने, म्हणजे २०० घनमिलिमीटरने कमी झाले, तरी नळीतली पातळी जवळजवळ ३ सेंटिमीटर उतरेल. डोळ्यांना अजिबात न दिसणारा बदल असा मोजपट्टीवर येतो. हे गणित मुलांकडूनच करून घ्यावे.

विद्यार्थ्याला दोन मिनिटे शांत बसू द्या. मग एकदा झटकन खोल श्वास घ्यायला सांगा. दुसऱ्याने दर सेकंदाला पातळी वाचावी, तिसऱ्याने लिहावी. इथे एक शंका यायलाच हवी: श्वास घेताना हात हलला आणि म्हणून पाणी हलले असेल तर? तिचे निरसन करण्यासाठी श्वास न घेता फक्त खांदे उचलायला सांगा आणि पुन्हा मोजा. पातळी लगेच हलली तर ती हाताची हालचाल, आणि दोन-तीन सेकंद थांबून सावकाश उतरली तर ती रक्तवाहिन्यांची. पुढे मागून अचानक टाळी वाजवून पाहा, किंवा १०० मधून ७ वजा करत जायला सांगा. पातळी पुन्हा उतरते का? तशी ती उतरली, तर बोटांतले रक्त कमी करण्याचा मक्ता एकट्या श्वासाकडे नाही, हेही कळेल.

नाडी ‘थांबवणारे’ योगी

श्वास आणि हातातले रक्त यांच्या नात्याचे सर्वांत नाट्यमय उदाहरण भारतातच अभ्यासले गेले. हृदय किंवा नाडी इच्छेनुसार थांबवता येते, असे सांगणारे काही योगाभ्यासी होते. अमेरिकेतून एम. ए. वेंगर आणि बी. के. बागची हे संशोधक १९५७ साली उपकरणे घेऊन भारतात आले. दिल्लीचे बी. के. आनंद यांच्यासह त्यांनी केलेल्या तपासणीचे निष्कर्ष १९६१ साली ‘सर्क्युलेशन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. असा दावा करणारे चार जण त्यांना भेटले. त्यांपैकी तिघांची रीत एकच होती: श्वास रोखायचा, स्वरयंत्र बंद ठेवायचे आणि छाती-पोटाचे स्नायू आवळायचे. मनगटावरची नाडी खरोखरच मंद झाली किंवा लागेनाशी झाली. हृदयाचे आवाजही क्षीण झाले. पण विद्युत-हृदयालेखात हृदय चालूच होते. छातीतला दाब इतका वाढला होता, की हृदयाकडे रक्त परतत नव्हते आणि मग पुढे ढकलायलाही फारसे उरत नव्हते. चौथ्याने वेगळ्या रीतीने हृदयाची गती बरीच मंद केली, पण हृदय त्यानेही थांबवले नाही.

नरसीच्या कीर्तनकाराच्या मानेत जे थोडे घडते, तेच इथे टोकाला नेलेले होते. हा प्रयोग मुलांनी करू नये, हे मात्र निक्षून सांगावे. श्वास रोखून जोर लावण्याच्या पैजेत भोवळ येऊन पडण्याचा धोका असतो.

मग मुंग्या कशाच्या?

‘पण भराभर खोल श्वास घेतले की बोटांत मुंग्या येतात, ते रक्त पोचल्याचेच लक्षण ना?’ हा प्रश्न येणारच. निरोगी माणसाच्या रोहिणीतले हिमोग्लोबिन साध्या श्वासातही ऑक्सिजनने जवळजवळ भरलेले असते, साधारण ९५ ते १०० टक्के. भराभर खोल श्वासांनी त्यात फारशी भर पडत नाही. कार्बन डायऑक्साइड मात्र गरजेपेक्षा जास्त बाहेर जातो. रक्ताची आम्लता घटते, रक्तातल्या मोकळ्या कॅल्शियमचे प्रमाण कमी होते आणि चेतातंतू अकारण उत्तेजित होतात. मुंग्या येतात त्यामुळे. शिवाय मेंदूतल्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून डोके हलके होते. मुलाने असे सांगितले तर ‘चांगले आहे, चालू ठेव’ म्हणू नये. थांबवावे आणि साधा श्वास घेऊ द्यावा.

याचा अर्थ श्वसनाचे व्यायाम निरुपयोगी आहेत असा नाही. काही मिनिटे संथ, सहज श्वास घेत बसल्यावर मन निवते, अनुकंपी चेतासंस्थेचा लगाम सैल होतो आणि गार पडलेली बोटे उबदार होऊ शकतात. पण तिथे परिणाम साधतो तो शांतपणाने. आत घेतलेल्या हवेच्या मापाने नव्हे. ‘खोल’ आणि ‘शांत’ हे दोन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो आणि तिथेच फसतो.

हा फरक आता घरोघर उपयोगी पडणारा आहे. २०२० च्या कोविड साथीनंतर बोटाला लावायचे पल्स ऑक्सिमीटर खेडोपाडी पोचले. त्याचे तत्त्व जपानमधील ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकात मांडले. बोटातून जाणारा प्रकाश नाडीबरोबर कमी-जास्त होतो आणि त्यावरून हे यंत्र ऑक्सिजनचे प्रमाण काढते. बोटात रक्तच कमी असेल तर त्याला नाडी नीट सापडत नाही आणि आकडा चुकू शकतो. थंडीच्या पहाटे गारठलेल्या बोटाला यंत्र लावून कमी आकडा आला, की घाबरलेल्या माणसाला भोवतालचे लोक ‘जोरात श्वास घे’ म्हणतात. अशा झटक्याच्या श्वासाने बोटातले रक्त आणखी घटते, हे आता आपल्याला माहीत आहे. त्याऐवजी हात चोळून उबदार करावा, टेकवून स्थिर ठेवावा, मिनिटभर शांत बसू द्यावे आणि मग पुन्हा मोजावे. बोट उबदार असूनही आकडा ९४ च्या खाली राहिला किंवा धाप लागत असेल, तर वेळ न दवडता दवाखाना गाठावा.